मास्तरांनी उघडलेली दारं

मास्तरांनी मला फसवलं. मला, माझ्या लॉन्ड्रीला आणि सगळ्यात जास्त माझ्या आक्काला. दुरुस्त केलं म्हणून सांगितलं आणि दुरुस्त केलं नाही. आधीच सांगून टाकतो, म्हणजे मास्तरांवर प्रेम करणाऱ्या मंडळींना पुढे वाचायचं की नाही ते ठरवता येईल. कसबा पेठेत अशी मंडळी पुष्कळ आहेत.

पैशासाठी फसवलं असतं तर मी हा कागद काळा केला नसता. पैशासाठी फसवणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली आहेत. त्यांच्यासमोर कसं बसायचं आणि कधी उठायचं, ते मला कळतं. मास्तरांनी जे केलं ते पैशासाठी केलं नाही. म्हणून लोक म्हणतात सोडून द्या, आणि म्हणूनच मला ते सोडवत नाही.

त्यांना सगळे मास्तर म्हणत, पण शाळेत त्यांनी कधी शिकवलं नाही. एका कारखान्यात विजेच्या खात्यात होते, तिथून बाहेर पडल्यावर वॉशिंग मशीन दुरुस्त करू लागले. मास्तर म्हणायचं कारण एवढंच की गिऱ्हाईकाला ते विद्यार्थ्यासारखे झापत. शिडशिडीत बांधा, पांढरा शर्ट, कॉलर अशी कडक की मान वळवताना आवाज यावा. तो शर्ट पुढे माझ्याच दुकानात इस्त्रीला येऊ लागला. आक्का तो कुणाला हात लावू देत नसे.

त्यांची हत्यारं जेवणाच्या डब्यात असत. चार खणांचा स्टीलचा डबा. वरच्या खणात स्क्रू, दुसऱ्यात वायरी, काळी टेप आणि पांढऱ्या दोऱ्याचं रीळ, तिसऱ्यात पक्कड नि टेस्टर, आणि तळाशी खरोखरच पोळीभाजी. टेप गुंडाळली की ते तिच्यावर दोरा बांधत. टेप उन्हाळ्यात सुटते, दोरा सुटत नाही, असं त्यांचं म्हणणं. एकदा आक्काने त्यांना कैरीचं लोणचं दिलं आणि ते घाईत स्क्रूच्या खणात वाढलं. मास्तरांनी एकेक स्क्रू काढून पुसला, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "राहू द्या आक्कासाहेब. चांगले मुरलेत आता." आक्का ही गोष्ट कितीतरी दिवस येईल त्याला सांगत होती.

मशीनपाशी बसले की ते पहिल्यांदा सगळ्यांना बाहेर काढत. घरमालक असो, दुकानमालक असो, बाहेर. "डॉक्टर तपासतात तेव्हा नातेवाईक बाहेर थांबतात. आपण नातेवाईक. बाहेर थांबा." मग दार लावून घेत. आतून मशीनशी बोलल्याचा आवाज येई. पेठेत लोक हे कौतुकाने सांगायचे. मीही सांगायचो. कारागिराची लहर, असं वाटायचं.

आणि त्यांचा नेम होता. आजवर कुठल्याही मशीनमध्ये त्यांनी नवा पार्ट घातला नव्हता. "पार्ट बदलतो तो दुकानदार. मी दुरुस्त करतो." जुनं साफ करायचं, घासायचं, वळवायचं, पण बदलायचं नाही. हे वाक्य ऐकलं की पेठेतल्या माणसाचे डोळे पाणावतात, कारण पेठेतल्या माणसाला काहीही बदलायचं नसतं आणि त्यासाठी खर्च तर मुळीच करायचा नसतो.

मी कोण तेही सांगतो. आक्का माझी मोठी बहीण. नवऱ्याने टाकल्यावर ती माझ्याबरोबर पुण्यात आली. कात्रजला एका गुलमोहराखाली आम्ही हातगाडीवर इस्त्रीचा धंदा सुरू केला, कोळशाची इस्त्री घेऊन. मी कपडे गोळा करायचो, ती इस्त्री करायची. इस्त्री किती तापली ते ती उजव्या हाताची पाठ जवळ नेऊन सांगायची. तिने जाळलेला एक कपडा मला आठवत नाही. आज त्याच भागात आमची लॉन्ड्री आहे, पुढून दार उघडणाऱ्या मोठ्या मशीन आहेत, होस्टेलची पोरं आणि आयटीवाले गिऱ्हाईक आहेत. यातलं काहीही मला कुणी दिलेलं नाही. मी भाव केल्याशिवाय देवळाबाहेरचा हारसुद्धा घेत नाही, आणि मला राग लवकर येतो. गिऱ्हाईकांना दोन्ही माहीत आहे. तरी येतात, कारण माझ्याकडे कपडा हरवत नाही.

मास्तर पहिल्यांदा आले ते एका बंद दारामुळे. इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी होता. सगळे चांगले कपडे त्याने एकदम धुवायला टाकले, नोकरीच्या मुलाखतीचा शर्टही त्यातच. मशीन थांबली आणि दार उघडेना. तो हाफ पँट आणि बनियनवर दुकानात उभा. कंपनीचा माणूस येऊन पाहून गेला होता. कुलूपच बदलावं लागेल आणि पार्ट यायला आठवडा लागेल, असं सांगून तो चहा पिऊन गेला.

"काका, आठवडाभर मी असाच फिरू?" तो पोरगा रडकुंडीला आला होता.

"माझं लुगडं देऊ का?" आक्का म्हणाली. "मुलाखतीला धा जणांत उठून दिसशील."

पेठेतल्या एका साडीवाल्याने मास्तरांचं नाव सांगितलं. ते बसने आले. काचेवर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि विचारलं, "ओढलं कुणी?"

"मी," पोरगा म्हणाला.

"किती जोरात?"

"होता तेवढा सगळा जोर लावला."

"कितव्या वर्षाला आहात?"

"शेवटच्या."

"तरीच," मास्तर म्हणाले. "बाहेर थांबा."

थोड्या वेळाने त्यांनी आम्हाला आत बोलावलं. मशीनच्या खालची झडप उघडी होती, पाणी परातीत काढलेलं होतं, आणि परातीच्या काठावर एक वाकलेली केसाची पिन आणि चिखलाचा गोळा होता. गुरुवारी पाणी बंद असतं, शुक्रवारी नळाला गढूळ येतं, तो गाळ पंपात बसला होता. "टक्" असा आवाज झाला आणि दार आपोआप सैल झालं.

"दार बिघडलेलं नव्हतं," मास्तर म्हणाले. "आत पाणी होतं, म्हणून ते उघडत नव्हतं. पाण्यासकट उघडलं असतं तर ह्यांच्या शर्टाऐवजी तुमचं दुकान धुऊन निघालं असतं. आणि ड्रम फिरत असताना उघडलं असतं तर? हे कुलूप तुमची अडवणूक करत नाही शेठ. तुमचे हात सांभाळतं."

हे ते माझ्या दुकानात, माझ्यासमोर उभं राहून बोलले. त्यांना माहीत नव्हतं असं कुणी म्हणू नये. कुलूप कशासाठी असतं ते मला त्यांनीच शिकवलं.

त्याच दिवशी आक्काने त्यांना विचारलं, "मास्तर, मला ते वरचं इंग्रजी वाचता येत न्हाई. मशीन झाली का न्हाई, मी कसं वळखायचं?"

मास्तर तिच्याशी कधी तिरकस बोलत नसत. "दाराला विचारा आक्कासाहेब. उघडलं तर झालं. नाही उघडलं तर थांबा. वरचे दिवे चुकतील, माणसं खोटं बोलतील. दार खोटं बोलणार नाही."

तेव्हापासून आक्का दिव्यांकडे बघत नसे. आवाज थांबला की दाराला हात लावायची. उघडलं तर कपडे काढायची, नाहीतर पुन्हा इस्त्रीकडे जायची. मोटारीच्या आवाजापेक्षा, आकड्यांपेक्षा, माझ्यापेक्षाही तिचा त्या दारावर विश्वास होता.

मास्तरांशी भाव करण्यात एक मजा होती, हे मी नाकारत नाही. ते आकडा सांगत आणि वर्तमानपत्र उघडत. मी ओरडायचो, ते कोडं सोडवायचे. मी दमलो की म्हणायचे, "ठरलं? आता वर काय?" भाजीवालीकडे कोथिंबिरीची काडी वरून मागतात तसं त्यांना प्रत्येक कामावर काहीतरी वर लागे, पण पैसे नव्हे. कधी शर्टाला जास्त स्टार्च, कधी आक्काच्या हातचं पिठलं. एकदा म्हणाले, "शनिवारपर्यंत गिऱ्हाईकावर ओरडायचं नाही." मी कबूल केलं आणि शुक्रवारी मोडलं. एका बाईने पडदा आटला म्हणून भांडण काढलं होतं. मास्तरांना कुणीतरी कळवलं असावं. पुढच्या वेळी आले तेव्हा डबा न उघडता बसून राहिले. "आधीची बाकी आहे," म्हणाले. मला त्या पडदेवाल्या बाईला फोन करून नीट बोलावं लागलं, तेव्हा डबा उघडला. सांगायचा मुद्दा असा की शब्द पाळण्याच्या बाबतीत हा माणूस इतका काटेकोर होता. दुसऱ्याच्या शब्दाच्या.

मग दिवाळी आली. दिवाळीच्या आधी आमच्याकडे पडदे, चादरी, गोधड्या यांचा डोंगर होतो. त्याच वेळी सगळ्यात मोठ्या मशीनचं कुलूप खरोखरच बिघडलं. आत पाणी नाही, पंप साफ, तरी धुणं झाल्यावर दार सुटेना. कधी लगेच उघडे, कधी तासभर अडून बसे. गिऱ्हाईकं दारात उभी. मी मास्तरांना फोन केला आणि ओरडलोच, "काहीही करा, पण हे दार उघडत जाऊ दे."

आले. सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावून घेतलं. या वेळी बोलल्याचा आवाज आला नाही. बाहेर आले तेव्हा रुमालाने हात पुसत होते.

"झालं. आता दार त्रास देणार नाही."

"काय झालं होतं?"

"हट्ट."

"पार्ट घातला?"

"मी पार्ट घालतो?"

"मग धाकट्या मशीनचंही बघून टाका. तिचंही मधूनमधून अडतं."

तेही केलं. भाव झाला. त्यांनी जो आकडा सांगितला त्यावर मी थोडं ओढून धरलं आणि ते चटकन उतरले. वर काहीच मागितलं नाही. शर्ट नाही, पिठलं नाही. डबा बंद केला आणि गेले. समोरचा लगेच उतरतो आणि वर काही मागत नाही, तेव्हा माल खोटा असतो. मंडईतली पालेवालीही हे सांगेल. पण मास्तरांकडे कुणी मालाच्या नजरेने बघत नसे, आणि हीच त्यांची सगळ्यात मोठी कमाई होती.

दार खरंच त्रास देईनासं झालं. हात लावला की उघडायचं. सगळे खूष. आक्का म्हणाली, "मास्तरांच्या हाताला गुण हाय."

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण मला ते लांबवता येत नाही. दुपार होती. मशीनमध्ये होस्टेलच्या चादरी होत्या. पिळताना मशीन मध्येच थांबते, कपडे सारखे करते आणि पुन्हा फिरते, हे मशीन वापरणाऱ्या कुणालाही माहीत असतं. त्या थांब्यात आवाज गेला. आक्काने इस्त्री उभी केली, येऊन दाराला हात लावला. दार उघडलं. दार उघडलं म्हणजे झालं. तिने उजवा हात आत घातला आणि चादरीचं टोक धरलं. तेवढ्यात ड्रम फिरला.

मी काउंटरवर एका गिऱ्हाईकाशी डागांवरून वाद घालत होतो. आक्का ओरडली नाही. माझं नाव घेतलं फक्त, लहानपणी घ्यायची तसं. मी धावलो तोपर्यंत ओल्या चादरीने तिचा हात मनगटापासून पिळला होता. मी भिंतीवरचं बटण बंद केलं.

डॉक्टरांनी हाडं बसवली. जे बसवता येत नव्हतं त्याबद्दल त्यांनी स्पष्ट सांगितलं. अंगठा आणि दोन बोटं आता मिटत नाहीत. हाताच्या पाठीवर तिला गरम-गार कळत नाही. इस्त्री ती डाव्या हाताने करून बघते, मी नसताना. कॉलरवर घड्या पडतात. मग तो शर्ट ती ढिगाच्या तळाशी लपवते.

मशीन उघडायला मी दुसरा मेकॅनिक बोलावला आणि बाहेर न जाता त्याच्या शेजारी पाटावर बसलो. त्याने पुढचा पत्रा काढला, आत बॅटरी मारली आणि माझ्याकडे पाहिलं.

"बोला," मी म्हणालो.

"हे कुलूप नावाला आहे शेठ. ह्याच्या वायरी काढून एकमेकींना जोडल्यात, आणि अडकणारी जीभ घासून टाकलीय. दार उघडं असलं तरी मशीनला वाटतं बंद आहे. कधीही उघडणार आणि उघडलं तरी फिरत राहणार." त्याने वायरी बाहेर ओढून दाखवल्या. काळी टेप, आणि टेपवर पांढरा दोरा, दोन गाठी, टोकं अगदी सारखी कापलेली. "काम मात्र सफाईचं आहे," तो म्हणाला.

धाकट्या मशीनमध्येही तेच. तोच दोरा.

दोन्ही मशीनमधले ते वायरींचे तुकडे कापून घेतले आणि खिशात घालून मी पेठेत गेलो. मास्तरांची खोली एका अरुंद जिन्यावर आहे. ते वर्तमानपत्र वाचत होते.

"या शेठ. आक्कासाहेबांचं कळलं. फार वाईट झालं. चहा घेणार?"

मी दोऱ्यासकट वायरी त्यांच्या वर्तमानपत्रावर ठेवल्या. त्यांनी चष्मा वर केला, पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. लाज नाही, भीती नाही. आपलं काम दुसऱ्या कुणी उघडून पाहिलं याचा अपमान.

"हे कुणी काढलं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही हे का केलं?"

"तुम्हीच म्हणालात, काहीही करा, दार उघडत जाऊ दे."

"दुरुस्त करा म्हणालो होतो. कुलूप मारून टाका म्हणालो नव्हतो. मी भाव किमतीचा करतो मास्तर. हाताचा करत नाही."

"ते कुलूप दुरुस्त होण्यासारखं नव्हतं. आतली पट्टी जळली होती."

"मग नवीन घालायचं! मी पैसे दिले नसते का? ओरडलो असतो, पण दिले असते की नाही? तुम्हाला माहीत आहे!"

मास्तरांनी वायरीवरचा दोरा बोटाने सरळ केला. मी वाट पाहिली. मला वाट बघता येत नाही, पण त्या दिवशी पाहिली.

"मी पार्ट बदलत नाही," ते शेवटी म्हणाले.

बस, एवढंच कारण. बाजारात मिळणारा एक पार्ट. तो घातला असता तर पेठेत ज्याचं कौतुक होतं तो नेम मोडला असता. नेम राहिला, माझ्या आक्काचा हात गेला.

"मग सांगायचं होतं, की हे मला जमत नाही."

"सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या कुणाला बोलावलं असतं."

"हो! बोलावलं असतं!"

"तेच म्हणतोय मी," मास्तर म्हणाले.

"आणि आक्काला दाराला विचारायला कुणी शिकवलं? तिच्या दाराचं कुलूप काढलंत, आणि तिला सांगितलं नाहीत?"

यावर त्यांनी चष्मा खाली केला. "मशीन पूर्ण थांबल्यावर हात घालावा, हे कुणालाही कळतं शेठ."

मग मात्र मी ओरडलो. जिन्यात माणसं जमली. खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ धोतर सावरत वर आले. "अहो, कुणावर आवाज चढवताय? ह्या माणसाने आमची मशीन पंधरा वर्षं फुकट चालवून दिली आहे."

"तुमच्या मशीनचं दार बघितलंत का?"

"दाराला काय झालंय? उत्तम उघडतं."

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे फक्त माझ्याकडेच झालेलं नाही. कुलूप बिघडतंच कधीतरी. पार्ट हा माणूस बदलत नाही. मग बिघडलेली सगळी कुलपं आजपर्यंत दुरुस्त कशी झाली?

हे मी आक्काला सांगितलं. ती भिंतीला टेकून बसली होती, हात उशीवर. "जाऊ दे," म्हणाली. "म्हातारा माणूस हाय. त्यांनी काय मुद्दाम केलं?"

"मुद्दाम केलं आक्का. दोरा बांधून केलं."

"जेवले का ते? त्यांच्याकडं कोण करतं आता?"

असली बहीण असल्यावर माणसाने काय करायचं? तिने माफ करावं. तिचा हात आहे, तिचा हक्क आहे. पण दुसऱ्यांच्या घरातले हात माफ करायचा हक्क तिलाही नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पेठेतल्या एका मंडळाने मास्तरांचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, फेटा. मी गेलो. मागच्या रांगेत बसलो. मंडळाच्या अध्यक्षांनी भाषण केलं. "आजच्या वापरा आणि फेका या जमान्यात ज्यांनी कधी एकही पार्ट बदलला नाही, असे आपले मास्तर!" टाळ्या. मास्तर हात जोडून उभे. शर्टाची कॉलर जरा ढिली होती. तो शर्ट आता आमच्याकडे येत नाही.

अध्यक्ष म्हणाले, "मास्तरांविषयी कुणाला दोन शब्द बोलायचे असतील तर यावं." मी गेलो.

"मास्तर," मी माईकवर म्हणालो, "बिघडलेली कुलपं तुम्ही दुरुस्त केलीत की जोडून टाकलीत, ते या सगळ्यांना सांगा. आणि किती घरांत."

माईक बंद झाला. अध्यक्ष अत्यंत सभ्यपणे माझा दंड धरून म्हणाले, "काका, आपलं वैयक्तिक आहे ना, ते नंतर घेऊ. आज प्रसंग काय आहे, बघा तरी." पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "कात्रजवरून एवढ्या लांब भांडायला आले. चिकाटी आहे हो." लोक हसले. मास्तर हसले नाहीत. ते फक्त नारळ या हातातून त्या हातात घेत राहिले.

मी चपला शोधत होतो तेव्हा एक बाई जवळ आल्या. साठीच्या असाव्यात. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "एक विचारू का? आमच्या मशीनचं दार चालू असतानाही उघडतं. मास्तरांनी दुरुस्त केल्यापासून. आम्हाला वाटलं सोय केली त्यांनी. विसरलेला मोजा आत टाकता येतो. ते चांगलंच आहे ना?"

"घरात कोण कोण असतं?" मी विचारलं.

"मी, हे, मुलगा, सून. आणि नात आहे, तीन वर्षांची. तिला फिरताना बघायला फार आवडतं. दार उघडून बसते."

मी चपला तशाच सोडल्या आणि त्यांच्या घरी गेलो. पहिल्यांदा भिंतीवरचं बटण बंद केलं. मग मेकॅनिकला फोन केला. तो आला, पत्रा काढला. टेप, त्यावर दोरा, दोन गाठी. नात माझ्या गुडघ्याला धरून आत बघत होती आणि विचारत होती, "आजोबा, आत कोण आहे?" नवं कुलूप बसवेपर्यंत मी तिथून हललो नाही. बाईंनी मला पोहे दिले. ते मी मेकॅनिकपुढे सरकवले.

ते एक घर झालं. बाकीची कुठे आहेत, मला माहीत नाही. मी पेठेत काही दारं ठोठावली. लोक म्हणाले, मास्तरांबद्दल असं काही आम्ही ऐकून घेणार नाही, आणि तोंडावर दार लावलं. ती दारं बरोबर लागतात.

मास्तरांनी काही लिहून ठेवलेलं नाही, पण त्यांना विसर पडत नाही. दहा वर्षांपूर्वीची मशीन बघून तिच्या आत कुठला स्क्रू दुसऱ्या कुठल्या गिऱ्हाईकाच्या मशीनमधून आला होता ते मास्तर सांगतात. ही घरं त्यांना पाठ आहेत. कुणाच्या घरात रांगणारं मूल आहे, तेही त्यांना ठाऊक आहे, कारण ते त्या घरात चहा प्यायले आहेत. ती घरं सांगा, असा मी निरोप पाठवला. उत्तर आलं की विश्वास ठेवणाऱ्या माणसांना म्हातारपणी घाबरवणं मला जमणार नाही.

म्हणून हे इथे, सगळ्यांसमोर लिहितोय. अध्यक्ष, तुम्ही मास्तरांना शाल घातलीत, तर आता तुम्हीही त्यांच्याबरोबर चाला. माईक बंद करणारा हात तुमचा होता. आणि मास्तर, मला तुमची माफी नको, पैसे नकोत. नवी कुलपं मेकॅनिक बसवेल, तुमचा नेम मोडला असं मी कुणाला म्हणणारही नाही. पाहिजे तर लोकांना सांगा की तपासणीला आलोय. उद्या सकाळी मी मेकॅनिकला घेऊन तुमच्या जिन्याखाली उभा राहतो. खाली या आणि सांगा. पहिलं घर कोणतं?